बारा व्होल्टची माळ

पेणला माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. 'वायरमनबाई कुठे राहतात?' असं विचारलं, तर मात्र अजूनही लोक घर दाखवतात. पदर कमरेला खोचून, हातात टेस्टर घेऊन शिडीवर चढलेली बाई नव्वदीच्या दशकात लोकांनी पाहिलेली नव्हती, म्हणून ते नाव चिकटलं. पुढे मी सोयीसाठी पंजाबी ड्रेस घालायला लागले, पण नाव काही सुटलं नाही.

माझं माहेर रोह्याचं. बाबा घरगुती वायरिंगची कामं करायचे. आम्हा बहिणींत मला एकटीलाच त्यांच्या हत्यारांच्या पेटीत रस. आयटीआयला वायरमनचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. मग लग्न होऊन पेणला आले, ती शिंप्याच्या घरात. दुकानाच्या एका बाजूला आमच्या ह्यांचं शिवणयंत्र आणि दुसऱ्या बाजूला माझ्या वायरींची भेंडोळी. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका जाताना 'आमचा पंखा कुरकुरतोय, जरा बघून जाल का?' असं सांगून जायच्या. माझी निम्मी गिऱ्हाइकं अशीच जमली. शिवाय एकटी बाई घरात असताना परका माणूस आत घेण्यापेक्षा वायरमनबाई बरी, हाही हिशेब होताच.

वर्षभर पंखे, इस्त्र्या, पाण्याच्या मोटारी चालू असत, पण आमचा खरा सीझन गणपतीचा. पेणच्या मूर्ती ट्रक भरभरून बाहेरगावी गेल्या, गावातली धावपळ जरा ओसरली, की घरोघरच्या मखरांची बोलावणी सुरू व्हायची.

त्या काळी रोषणाई म्हणजे बल्ब. साठ वॅटचे, शंभर वॅटचे, लाल-हिरवा रंग फासलेले. कमानीवर बल्ब, पायरीवर बल्ब, खिडकीच्या गजांना बल्ब. जोडीला मिरचीच्या आकाराच्या बारीक दिव्यांची माळ. या माळेतले दिवे एकापुढे एक जोडलेले असत, त्यामुळे एक गेला की अख्खी माळ विझायची. मग कुठला गेला ते शोधायला एकेक दिवा काढून बघायचा. आरतीचं ताट तयार, माणसं टाळ घेऊन उभी आणि मी पाटावर चढून दिवे चाचपतेय, हे दृश्य निम्म्या पेणने पाहिलं असेल.

या धंद्यात नसलेल्यांना सांगायचं, तर तो जुना बल्ब म्हणजे दिवा कमी आणि शेगडी जास्त. आतली तार तापून लालभडक होते तेव्हा उजेड पडतो. घेतलेल्या विजेतली थोडीशीच उजेडाला लागते, बाकी सगळी ऊब. पेणजवळच्या जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यांत हे बरोब्बर ठाऊक असतं. पावसाळी हवेत माती सुकेना झाली, की कारागीर मूर्तीपाशी मोठे बल्ब लावून ठेवायचे. मी एकदा तिथल्या एका मालकाला म्हटलं, "एवढे बल्ब कशाला जाळता? ट्यूब लावून देते, उजेडही चांगला पडेल."

तो हसला. "ताई, ट्यूबवर माझा गणपती सुकेल का?"

मी मुकाट्याने शिडी उचलली. त्याला ऊबच हवी होती. पण जाताना मनात आलं, की एकदा सुकून, रंगून, घरच्या मखरात बसलेल्या गणपतीला कशाला हवी शेगडी?

त्याचं उत्तर शोधायची वेळ माझ्यावर आली ती रोह्याच्या विनायकरावांमुळे. हे रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहणारे निवृत्त पोस्टमास्तर. बाबा थकल्यावर त्यांची जी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, त्यांतलं हे सगळ्यात हौशी. दरवर्षी स्वतःच्या हाताने थर्माकोलचा महाल कोरायचे. कोयत्या-करवतीचं काम नाही, गरम तारेने कापायचे, नक्षी तर अशी की बघत राहावं. एका वर्षी त्यांनी फर्मान काढलं, की महालाचे खांब आतून उजळले पाहिजेत.

"काका, आत बल्ब लावला तर थर्माकोल वितळेल," मी म्हटलं.

"अगं, फक्त आरतीपुरते लावू. तेवढ्यात काय होतंय?"

मला ते पटलं नव्हतं, म्हणून मी संध्याकाळी आरतीला तिथेच थांबले. विनायकरावांच्या घरची आरती लांबलचक, कारण त्यांना येत असलेली प्रत्येक आरती ते म्हणत. मध्यावर आलो असू, तेवढ्यात डावीकडचा खांब हळूच कमरेत वाकला. विनायकरावांनी उजव्या हातातली घंटा वाजती ठेवून डाव्या हाताने खांब धरला. मग उजवा खांब वाकला. काकूंनी निरांजनाचं ताट जावेच्या हातात दिलं आणि त्या दुसऱ्या खांबाला जाऊन भिडल्या. आरती कुणी थांबवेना, कारण आरती मध्येच सोडायची नसते. महालाचं छत गणपतीच्या मुकुटाला टेकणार, इतक्यात मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. समईच्या उजेडात नवरा-बायको दोन बाजूंना द्वारपालांसारखी उभी, मागे सगळे हसू दाबत टाळ्या वाजवतायत, आणि अशा थाटात ती आरती शेवटापर्यंत गेली.

प्रसाद देताना विनायकराव म्हणाले, "शालन, बाप्पा वाचला. पण पुढच्या वर्षी खांब उजळलेच पाहिजेत. तू काहीतरी शोध."

पेणला परतताना एस.टी.त माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. गरम न होणारा दिवा. घरी आले तर ह्यांचा टेपरेकॉर्डर चालू होता, आणि त्यावरचा तांबडा ठिपका नेहमीसारखा तेवत होता. दिवसभर तेवायचा. मी त्याला बोट लावून बघितलं. गार.

"काय झालं?" हे शिवता शिवता म्हणाले.

"दिवा सापडला," मी म्हटलं.

तो एलईडी. आज शेंबड्या पोरालाही हा शब्द ठाऊक आहे, पण तेव्हा तो फक्त रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडी असे. तांबडा, हिरवा आणि पिवळा, एवढेच रंग. निळा नाही, पांढरा नाही. हे मुंबईला कापड आणायला गेले तेव्हा मीही सोबत गेले आणि रेडिओच्या सुट्या भागांच्या बाजारातून पिशवीभर दिवे घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "एवढे कशाला? टीव्हीचा कारखाना काढताय काय?" मी म्हटलं, "गणपतीला." त्याने पिशवीत मूठभर जास्तीचे टाकले.

एलईडीला दोन पाय असतात, एक लांब आणि एक आखूड. लांब पाय अधिकचा, आखूड उण्याचा. एक जरी उलटा लागला तरी तो रुसतो आणि ओळीतल्या बाकीच्यांनाही पेटू देत नाही. मी तीन-तीन दिव्यांच्या छोट्या ओळी करून त्या शेजारी शेजारी जोडायचं ठरवलं, म्हणजे एक ओळ गेली तरी माळ चालू राहील. रेडिओला सेलच्या ऐवजी लावायचा एलिमिनेटर मिळायचा, भिंतीतल्या विजेची ताकद पार उतरवून बारा व्होल्टवर आणणारा छोटा डबा. त्यावर ही माळ चालली की शॉकची भीती नाही, ऊब नाही.

मी डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला बसले आणि हे समोर दिवे मांडायला. पहिल्या दिवशी त्यांनी माझी फजिती बघितली आणि म्हणाले, "हे बटणं लावण्यासारखंच आहे की. उजवी-डावी बाजू सांभाळायची आणि अंतर सारखं ठेवायचं." त्यांनी खडू घेतला, टेप घेतला आणि वायरीवर खुणा मारून दिल्या. शिंप्याच्या हातची माळ ती, एकही दिवा पुढे-मागे नाही.

पहिली माळ लागली आमच्याच घरी. जुने बल्ब मी सगळे काढून टाकले. संध्याकाळी शेजारची मंडळी आली आणि दारातच थबकली. "वायरमनबाईंच्या घरची वीज गेली की काय?" सासूबाई तर स्पष्टच बोलणाऱ्या. म्हणाल्या, "गणपती दिसत नाही गो, त्याच्या भोवतीची नक्षी तेवढी दिसते." त्यांचं खरंच होतं. ते दिवे सुंदर होते, पण आपल्यापुरतेच उजळायचे. मग मी पडद्याच्या मागे एक ट्यूब दडवली, ह्यांनी तिच्यापुढे पांढऱ्या मलमलीची झालर शिवली आणि मूर्तीवर मऊ, चांदण्यासारखा उजेड पडला. सासूबाईंना दरवर्षी आरतीच्या गर्दीत त्या बल्बांच्या उष्म्याने घेरी यायची. त्या वर्षी त्या शेवटपर्यंत टाळ वाजवत उभ्या होत्या. नंतर त्या पडवीत जाऊन मीटरसमोर उभ्या राहिल्या आणि आतली चकती किती सावकाश फिरतेय ते बघत राहिल्या. पाहुणे आले की त्यांनाही नेऊन दाखवायच्या. गणपतीचं दर्शन, मग मीटरचं दर्शन.

पुढच्या वर्षी विनायकरावांचे खांब आतून तांबडे-हिरवे उजळले आणि ताठ उभे राहिले. येईल त्याला ते सांगायचे, "हात लावून बघा, गार!"

सगळ्यांनाच ते रुचलं असं नाही. 'काजवे' म्हणून पुष्कळांनी परत केले. एका गृहस्थांनी तर विचारलं, "वायरमनबाई, हे मोठे कधी होणार?" तरी दोन-चार वर्षं माझ्या माळा पेण-रोह्यात बऱ्यापैकी फिरल्या. मग दशक संपता संपता बाजारात चिनी माळा आल्या, तांदळाएवढ्या दिव्यांच्या, चमचमणाऱ्या, फुटपाथवर ढिगाने. डाग देऊन, खडूने अंतर मोजून केलेली माळ कोण घेणार? एका पावसाळ्यात मी दिव्यांची उरलेली पिशवी माळ्यावर टाकली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आमच्या ह्यांना माझ्याहून जास्त वाटलं. पण त्याच्या आधी त्या माळांनी मला एक गौरीची संध्याकाळ दिली, ती मला कुठल्याही दुकानात मिळाली नसती. खरं तर तीच सांगायला बसले आहे.

धरमतरच्या खाडीकडे मिठागरांवर काम करणाऱ्यांची एक वाडी आहे. तिथे समोरासमोर दोन घरं, मध्ये सामाईक अंगण. एका घरात थोरला भाऊ नामदेव आणि त्याची बायको चांगुणा, दुसऱ्यात धाकटा हिराजी आणि त्याची बायको गुलाब. वडील गेल्यावर घरचा गणपती थोरल्याकडे राहिला. धाकट्याला ते लागलं. त्याने आपल्या घरी वेगळा गणपती आणला आणि तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. आता बोलायचे ते दारावरचे बल्बच. एकाने दारावर बल्ब लावले की दुसरा त्याच्या वर चढवायचा. दोघांचीही कामं माझ्याकडेच, कारण दोघींचे ब्लाउज आमच्याकडे शिवायला यायचे.

वाडी विजेच्या लाइनच्या अगदी शेवटाला. संध्याकाळ झाली की आधीच तिथे वीज दमलेली पोचायची. व्होल्टेज उतरलं की बल्ब निखाऱ्यासारखे मंद व्हायचे, ट्यूब नुसती डोळे मिचकावायची. उजेड कमी वाटला की हे लोक आणखी बल्ब लावायचे आणि व्होल्टेज आणखी उतरायचं. आदल्या वर्षी याच चढाओढीत ऐन आरतीला वाडीच्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला होता आणि अख्खी वाडी या दोन घरांवर चिडली होती.

गणपतीच्या आधी मी कामाला गेले, तर गुलाब माझी वाटच बघत होती.

"काय गो बाय, त्यांचे दारान किती लावलंस? आमचे दारान त्याच्यावर एक जास्ती लाव."

मी शिडी भिंतीला टेकवली, पण चढले नाही. समजावून सांगून त्या दोघी जावा ऐकणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. दोन्ही घरांचे बल्ब आधीच लागलेले होते, संध्याकाळ व्हायला आली होती. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि दोघींना आपापल्या स्विचपाशी उभं केलं.

"मी हाक मारली की दोघींनी सगळे बल्ब बंद करायचे."

"आधी तिला सांग," चांगुणा म्हणाली.

"आधी कोणी नाही. एकदम."

मी एक-दोन-तीन म्हटलं आणि अंगण विझलं. पण त्याच क्षणी चांगुणाच्या स्वैपाकघरात मघापासून मिचमिचणारी ट्यूब लख्ख पेटली. गुलाबच्या ओटीवरची पेटली. आणि पलीकडच्या घरातून एका म्हाताऱ्याची आरोळी आली, "अरं, टीव्ही भरला! टीव्ही भरला!"

व्होल्टेज उतरलं की त्या टीव्हीचं चित्र चहूबाजूंनी आक्रसायचं, मधे पोस्टकार्डाएवढं उरायचं. ते एकदम काचभर झालं होतं. "आता लावा," मी म्हटलं. बल्ब लागले, ट्यूबा मेल्या, आणि पलीकडून शिवी ऐकू आली. आम्ही ते दोन-तीनदा केलं. शेवटी पोरंबाळं गोळा झाली आणि टीव्ही फुगतो-आटतो ते बघायला म्हाताऱ्याच्या खिडकीला लटकली. दोघी जावा आपापल्या दारात उभ्या राहून हसत होत्या. एकमेकींकडे न बघता, पण हसत होत्या.

"म्हंजे आमचे बल्बांनीच आमचा उजेड खाल्ला?" चांगुणा म्हणाली.

"खाल्ला ना. आणि अख्ख्या वाडीचाही."

त्या वर्षी दोन्ही घरांनी बल्ब उतरवले. प्रत्येकी मूर्तीपुढे एक ट्यूब आणि दारावर, मखरावर माझ्या माळा. दोघींना अगदी सारख्या लांबीच्या, ते मला ह्यांच्या टेपने मोजून दाखवावं लागलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आता बघा, या वर्षी तुमच्या वाडीचे दिवे जात नाहीत."

चांगुणाला त्या वर्षी दिव्यांची घाई जास्त होती. तिची सून रंजना नवी आलेली आणि तिचा पहिला ववसा होता. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नवी सून सुपं भरून गौरीपुढे ओवाळते आणि मग ती सुपं घरच्या, भावकीतल्या वडीलधाऱ्यांना देऊन पाया पडते. मोठं कौतुकाचं काम. रंजनाचं माहेर हायवेवरच्या खांब गावचं, तिकडून तिचे आईवडील, काका-मामा बघायला येणार होते. मलाही आमंत्रण होतं, रात्री मुक्कामाचंच, कारण परतीची एस.टी. मिळाली नसती.

मी पोचले तेव्हा दोन्ही घरं नटली होती. ट्यूबा पेटलेल्या, माळा लुकलुकत होत्या, सगळं कसं शांत आणि थंड. खांबचे पाहुणे येऊन ओटीवर बसले. रंजना हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून सुपं मांडत होती. आणि सूर्य खाडीत उतरता उतरता जोराचा वारा सुटला, कुठेतरी लाइनवर फांदी पडली असावी, आणि वाडीभरचे दिवे गेले.

मी थोडा वेळ वाट बघितली. दिवे येईनात. कुणीतरी सांगत आलं की पुढच्या गावचेही गेलेत, म्हणजे आता सकाळच. समया होत्या, कंदील होते, पण त्या मोठ्या ओटीवर ते कुठे पुरणार? पाहुण्यांना एकमेकांची तोंडं दिसेनात. नामदेव आत-बाहेर करत होता. मागे बायकांत कुजबुज सुरू झाली, "या बायनं बल्ब काढाय लावलं, आन दिवं नाय जानार म्हनत व्हती." मला अंग चोरून कुठे जाऊ असं झालं. चांगुणा तर सुपापाशी खाली बसली आणि म्हणाली, "माझी सून अंधारान ववसा भरनार काय गो? तिची आयशी काय म्हनल?"

रंजना तिच्या शेजारी बसली. सासूच्या गुडघ्यावर हात ठेवून राहिली. त्या दोघींकडे बघताना माझ्या लक्षात आलं. माझ्या माळांना भिंतीतली वीज लागतच नाही. त्यांना बारा व्होल्ट लागतात. आणि बारा व्होल्ट गाडीच्या बॅटरीत असतात.

वाडीत गाडी एकच होती, मीठ वाहणारा टेम्पो. तो हिराजीचा.

मी अंगण ओलांडून समोर गेले. हिराजी अंधारात पायरीवर विडी ओढत होता. "हिराजीभाऊ, तुमच्या टेम्पोची बॅटरी हवी आहे. माळा लागतील त्याच्यावर. तुमच्याही आणि त्यांच्याही."

विडीचं टोक तेवढं लाल झालं. त्याच्या मागून गुलाबचा आवाज आला. "काय बगतस? पोरीचा पयला ववसा हाय. काढ ना बॅटरी!"

हिराजीने विडी टाकली. "बॅटरी कशाला काढाय पायजे? गारीच आनतो."

टेम्पो वाडीच्या तोंडाशी उभा असायचा. तो त्याने सुरू केला आणि मागे घेत घेत थेट अंगणात, भावाच्या ओटीला भिडेल इतका आणला. पाहुणे उठून उभे राहिले. मला तर वाटलं ओटीचा खांबच तोडतो. नामदेव दारात आला. दोघं भाऊ एकमेकांसमोर, मध्ये टेम्पो. नामदेवने तुळशीजवळची घागर उचलून बाजूला ठेवली, टेम्पोला जागा व्हावी म्हणून.

मी दोन्ही घरांच्या माळांच्या वायरी एलिमिनेटरवरून काढून बॅटरीला लावल्या. काही झालं नाही. अंगणात कुणीतरी 'च्च' केलं. मग डोकं चाललं, की अधिक-उणे उलटे लागलेत. वायरी अदलून धरल्या.

माळा पेटल्या. मखराच्या कमानी, दाराच्या चौकटी, समोरच्या घराची ओटी, सगळीकडे तांबडे, हिरवे, पिवळे ठिपके. ज्यांना लोक काजवे म्हणायचे, ते त्या काळोखात असे दिसत होते की खांबचे पाहुणे वर बघतच राहिले. रंजनाची आई म्हणाली, "अगो, हे असं तर मी कुठं बघितलंच नाय."

रंजनाने ववसा भरला. सासूला सूप दिलं, सासऱ्याला दिलं, पाया पडली. मग उरलेलं एक सूप घेऊन ती उभी राहिली. चांगुणाने नवऱ्याकडे बघितलं. नामदेव टेम्पोकडे बघत होता. शेवटी चांगुणाच म्हणाली, "जा गो. काकीला दे." रंजना टेम्पोला वळसा घालून समोरच्या ओटीवर गेली आणि गुलाबच्या पाया पडली. गुलाबने तिला उठवलं, तिची नथ सारखी केली आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले. हिराजी टेम्पोत चढून स्टिअरिंगशी काहीतरी करत बसला होता.

मग बायकांनी अंगणात फेर धरला. हिराजीला काय वाटलं कोण जाणे, त्याने टेम्पोचे हेडलाइट लावले आणि फेर धरणाऱ्या बायका लख्ख उजळल्या. मी त्याला म्हटलं, "भाऊ, माळा किती का चालेनात, पण हेडलाइटने बॅटरी उतरेल हो." तो म्हणाला, "उतरू दे." दोन्ही घरच्या बायका एकाच फेरात होत्या. मलाही ओढलं. मी नाचले, वाईट नाचले.

सकाळी हिराजीला मीठ भरायला निघायचं होतं. मी गुलाबकडे चहा पीत होते, तेव्हा बाहेरून किल्लीची करकर ऐकू आली आणि थांबली. पुन्हा करकर, पुन्हा शांत. हेडलाइटने बॅटरी पार बसवली होती. माळा मात्र अजून मंद तेवत होत्या, तेवढी माझी शेखी.

हिराजी खाली उतरून टेम्पोच्या चाकांकडे बघत उभा राहिला. मग पुन्हा स्टिअरिंगपाशी जाऊन बसला आणि ढकलायला कुणी आहे का बघायला लागला. वाडीतली माणसं कामाला गेलेली. मी आणि गुलाब मागे जाऊन लागलो, पण तो मिठाचा टेम्पो, आमच्याने कुठला हलतोय. तेवढ्यात समोरच्या घरातून नामदेव बाहेर आला. टॉवेल खांद्यावर, तोंडात दातण. त्याने दातण फेकलं, आमच्या मध्ये शिरला आणि खांदा लावला. त्याच्या मागून खांबचे दोन मामा आले.

टेम्पो हलला. अंगणातून वाडीच्या रस्त्याला लागला, उतारावर जरा पळायला लागला, आम्ही सगळे मागे धापा टाकत. आणि इतकी वर्षं भावाशी न बोललेला नामदेव घसा फोडून ओरडला, "क्लच सोर, जल्ल्या! क्लच सोर!"

टेम्पोने एक गचका खाल्ला, धूर सोडला आणि सुरू झाला. हिराजीने तो बंद पडू नये म्हणून थांबवला नाही. खिडकीतून डोकं काढून तो मागे ओरडला, "दादूस! संध्याकाली येतो जेवाय!"

नामदेव रस्त्याच्या मधोमध उभा राहून धुराकडे बघत होता. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "याला गारी चालवाय मीच शिकवली व्हती. अजून क्लच कवा सोरायचा ते कलत नाय."